सूर्य कोणत्या प्रकारचा तारा? : विजयदुर्गाची आख्यायिका आणि सौर वर्णपटाचा इतिहास (१८६८–१९४३)

प्रास्ताविक

सूर्य हा एक तारा आहे हे विधान आज शालेय पाठ्यपुस्तकातही येते. परंतु तो कोणत्या प्रकारचा तारा आहे, या प्रश्नाचे उत्तर 'जी२ व्ही' या मोजक्या वर्णांत देता येण्यासाठी मानवाला जवळजवळ ऐंशी वर्षे परिश्रम करावे लागले. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत याने १८३५ मध्ये ताऱ्यांची रासायनिक घडण मानवाला कधीही कळणार नाही असे प्रतिपादन केले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातील काळ्या रेषांचा अर्थ लावला व काँतच्या प्रतिपादनाचा पाया ढासळला. या ऐंशी वर्षांच्या कालखंडातील काही महत्त्वाचे टप्पे भारताच्या आणि त्यातही मराठी मुलखाच्या भूमीवर घडले, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासाच्या अध्यापकांच्या ध्यानात सहसा येत नाही. जी ध्यानात आहे ती एक आख्यायिका आहे, आणि ती चुकीची आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात विजयदुर्ग किल्ल्यावर दगडी चौथरे दाखविले जातात. त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉक्यर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथे दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, असे सांगितले जाते. त्या तारखेला किल्ल्यावर समारंभही होतात. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांच्या अभ्यास सहलीसोबत तेथे गेला असता हीच हकिकत ऐकावयास मिळाली. परतीच्या वाटेवर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ते साहेब इथे आले कसे? बोटीने आले असतील तर किती दिवस लागले असतील?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे. लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे. तेव्हा विज्ञानाचा भाग इतिहासाच्या आकलनास आवश्यक तेवढाच घेतला आहे.

१८६८ : गुंटूर, जमखंडी आणि मच्छलीपट्टण

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची पूर्णछाया भारतीय द्वीपकल्पावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. वर्णपटदर्शकाचा उपयोग होऊ शकेल असे हे पहिलेच मोठे ग्रहण असल्याने युरोपातील अकादम्यांनी त्याची तयारी आधीपासून केली होती. झ्यूल झान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातील गुंटूर येथे उतरला. त्याच गावी मेजर टेनंट यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश तुकडी होती. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला गेले. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल याने आपला तळ पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात ठोकला. हा हर्शेल म्हणजे प्रख्यात ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचा मुलगा. जमखंडी आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असले, तरी तत्कालीन दप्तरात ते 'दक्षिण मराठा देश' या विभागात मोडत होते.

जमखंडीला ढगांनी व्यत्यय आणला. तरीही हर्शेलला सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. तेजस्वी रेषा याचा अर्थ या ज्वाला तप्त वायूंच्या आहेत, आणि त्यांत हायड्रोजन प्रमुख आहे, हे सर्वच तुकड्यांनी थोड्याफार फरकाने नोंदविले. नारिंगी-पिवळी रेषा मात्र बहुतेकांनी सोडियमची समजून सोडून दिली. प्रयोगशाळेत मिठाच्या कणाने ज्योत पिवळी होते हे सर्वांना ठाऊक होते व फ्राउनहोफरने त्या जागी 'डी' हे अक्षर पूर्वीच घातलेले होते. ओळखीची वाटणारी गोष्ट पुन्हा निरखून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. दप्तरखान्यात काम करणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

गुंटूरला झान्सेनला जे सुचले ते अधिक मोलाचे ठरले. ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, त्याने उघड्या सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शकाची फट रोखली आणि त्या रेषा पुन्हा पाहिल्या. ग्रहणाच्या काही मिनिटांसाठी हजारो मैल प्रवास करण्याची अट येथे संपली. पुढे काही आठवडे तो रोज निरीक्षणे करीत राहिला आणि १९ सप्टेंबरला काकिनाड्याहून त्याने पॅरिसच्या अकादमीला पत्र लिहिले.

लंडनमधील पिवळी रेषा

या सर्व काळात लॉक्यर कोठे होता? तो इंग्लंडमध्ये होता. त्यावेळी तो बत्तीस वर्षांचा होता आणि युद्धखात्याच्या कचेरीत कारकुनी करून उरलेल्या वेळात आकाशनिरीक्षण करीत असे. ग्रहणाशिवाय सौर ज्वाला पाहता येतील ही कल्पना त्याने १८६६ मध्येच मांडली होती. पण त्यासाठी लागणारे सामर्थ्यवान वर्णपटदर्शक यंत्र बनविणाऱ्याकडून वेळेवर मिळाले नाही. ते त्याच्या हाती १६ ऑक्टोबर १८६८ रोजी पडले आणि २० ऑक्टोबरला त्याने लंडनमधून ज्वालांच्या रेषा पाहिल्या. म्हणजे ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, आणि ग्रहणाविना. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, हेही लक्षात घेता विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की साहेब त्या वर्षी बोटीत बसलेच नव्हते.

झान्सेनचे पत्र आणि लॉक्यरची वार्ता २६ ऑक्टोबर १८६८ रोजी, एकाच दिवशी पॅरिसच्या अकादमीसमोर वाचली गेली. श्रेयाचा वाद सहज पेटू शकला असता. तसे झाले नाही. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांचीही मुखे कोरलेले पदक काढले. हा सन्मान सौर ज्वाला ग्रहणाशिवाय पाहण्याच्या पद्धतीबद्दल होता. हेलियमशी त्याचा संबंध नव्हता. नंतरच्या लेखनात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली व झान्सेनलाही हेलियमचा शोधक ठरविण्यात आले.

लॉक्यरचे खरे वैशिष्ट्य असे की त्याने पिवळी रेषा पुन्हा पाहिली. ती सोडियमच्या दोन रेषांवर न पडता त्यांच्या शेजारी पडते हे निश्चित केले. तिला 'डी३' म्हटले गेले. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या साह्याने प्रयोगशाळेत हायड्रोजनवर निरनिराळे प्रयोग करूनही ती रेषा मिळेना. तेव्हा हे पृथ्वीवर अज्ञात असे मूलद्रव्य असावे असा तर्क पुढे आला. १८७१ मध्ये एडिंबरो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी 'हेलियम' या नावाचा जाहीर उल्लेख केला. नावातील अंत्य प्रत्यय धातूंच्या नावांचा आहे. म्हणजे नाव देणाऱ्यांना तो धातू वाटला होता. रसायनशास्त्रज्ञांनी या सूर्यवासी पदार्थाकडे बरीच वर्षे साशंकतेने पाहिले. १८९५ मध्ये विल्यम रॅमझीने क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू मिळविला, तेव्हाच शंका फिटली.

१८९८ : विजयदुर्ग आणि जेऊर

मग साहेबाचे कट्टे खोटे समजावेत काय? तसे नाही. लॉक्यर विजयदुर्गाला आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून देशावर व तेथून वऱ्हाड-नागपूरच्या बाजूने ईशान्येस गेली. एकसष्ट वर्षांचे सर नॉर्मन लॉक्यर आपल्या चमूसह विजयदुर्गास उतरले. 'मेल्पोमिनी' या आरमारी जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन व त्यांचे खलाशी साह्याला होते आणि कलकत्त्याहून प्रा. पेडलर आले होते. जहाजाच्या खलाशांना कवायतीने शिकवून निरीक्षक बनविण्याचा हा प्रयोग त्याकाळी गाजला. त्यावेळी हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. तो शोधण्यासाठी कोणी येण्याचे कारणच नव्हते. लॉक्यर आले होते ते सूर्याच्या कडेवरील वर्णावरणाचा वर्णपट छायाचित्रित करण्यासाठी, आणि त्यामागे ताऱ्यांच्या प्रकारांविषयीचा त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता.

आख्यायिका कशी जन्मली असावी याचा अंदाज बांधता येतो. साहेब आले, ग्रहण पाहिले, ते हेलियमचे शोधक होते, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोकस्मृतीने त्यांची सांगड घातली आणि पुस्तकातील तारीख तिला चिकटविली. लोकस्मृतीला दोष देण्याचे कारण नाही. पण आपण पदवीच्या वर्गात तेच शिकवीत असू, तर दोष आपल्याकडे येतो.

या आख्यायिकेने आणखी एक नुकसान केले आहे आणि लेखकाला ते अधिक सलते. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाजवळ दोन छावण्या होत्या. एक अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यांची. दुसरी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांची. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या अनुदानातून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण त्याकाळी भारतात सर्वांत मोठी होती. १८९१ मध्ये त्यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या मुख्य रेषेचे निरीक्षण प्रसिद्ध केले; ती रेषा सर्व परिस्थितीत तीक्ष्णच दिसते असा त्यांचा निर्वाळा होता. तेजोमेघ उल्काकणांचे असतात आणि ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, हे लॉक्यरचे मत त्यामुळे अडचणीत आले. नायगामवाला लॉक्यरला गुरुस्थानी मानीत असत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १८९८ च्या ग्रहणावरील त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणे कोडाईकॅनालला रवाना झाली. जेऊरला मात्र नायगामवालांच्या नावाचा कट्टा कोणी दाखवीत नाही.

वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या हौशी निरीक्षकांचा तळ होता. त्यांतील ॲनी माँडर यांनी लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा अतिशय लांब झोत टिपला. जॉन एव्हरशेड यांनी हायड्रोजनच्या रेषामालिकेपलीकडील जंबुपार भागातील अखंड वर्णपट नोंदविला. हेच एव्हरशेड पुढे कोडाईकॅनालचे संचालक झाले आणि पुण्याची दुर्बीण त्यांच्याच ताब्यात गेली.

वर्ग आणि वय

ताऱ्यांचे प्रकार पाडण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न रोमचे जेझुइट पाद्री आन्जेलो सेकी यांनी १८६० च्या दशकात केला. पांढरे तारे पहिल्या प्रकारात : व्याध, अभिजित. तांबूस तारे तिसऱ्यात : काक्षी, ज्येष्ठा. मधल्या पिवळ्या गटात ब्रह्महृदय आणि स्वाती, आणि त्यांच्याच पंक्तीला सूर्य. देवतेला ताऱ्यांच्या पंक्तीत बसविण्याचे हे काम एका धर्मगुरूने केले, हा योग मोठा मौजेचा आहे.

लवकरच या वर्गांना वयाचा अर्थ चिकटला. पांढरा तारा तरुण, पिवळा प्रौढ, तांबडा वृद्ध. लॉक्यरची मांडणी याहून वेगळी होती. तारे आधी तापतात आणि मग निवतात, म्हणून तापमान सारखे असले तरी चढत्या बाजूचे तारे निराळे आणि उतरत्या बाजूचे निराळे, असे ते मानीत. सूर्य त्यांच्या मते उतरणीवर होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणत्याही पंथाच्या ज्योतिर्विदाला विचारले असते, तर सूर्य हा निवत चाललेला, भर ओसरलेला तारा आहे, असे उत्तर मिळाले असते. आजही ज्योतिर्विद तप्त ताऱ्यांना 'आधीचे' आणि थंड ताऱ्यांना 'नंतरचे' म्हणतात. मूळ सिद्धांत गेला, शब्द उरले.

हार्वर्ड वेधशाळेत पिकरिंग यांच्या हाताखाली स्त्री-गणकांनी हे काम अजस्र प्रमाणावर केले. विल्यमिना फ्लेमिंग यांनी हायड्रोजनच्या रेषांच्या ठळकपणानुसार इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली होती. ॲनी कॅनन यांनी १९०१ मध्ये त्यांतील बरीच गाळून उरलेल्यांचा क्रम बदलला आणि ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही मालिका रूढ झाली. १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या हेन्री ड्रेपर सूचीच्या नऊ खंडांत २,२५,३०० तारे आहेत. सूर्य त्यात नाही! जवळच्या दिव्याने डोळे दिपतात तसे येथे झाले. ताऱ्यांसाठी बनविलेल्या उपकरणाने सूर्याचा वर्णपट घेता येत नाही, तो चंद्र वा ग्रहांवरून परावर्तित प्रकाशात पडताळावा लागतो. मात्र त्याचा 'जी' गट निर्विवाद होता.

पण ब्रह्महृदयही याच गटाच्या परिसरातील, आणि तेजाने सूर्याच्या शंभरपटीहून अधिक. रंग व रेषा सारख्या असूनही तेजात एवढा फरक का? डेन्मार्कचे हर्टझस्प्रुंग आणि अमेरिकेचे रसेल यांनी स्वतंत्रपणे दाखविले की समान तापमानाच्या ताऱ्यांत महाकाय आणि बटू असे दोन भिन्न कुलांचे तारे असतात. सूर्य बटूंच्या मुख्य अनुक्रमात पडला. १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन व केलमन यांनी तेजाचाही वर्ग दर्शविणारी पद्धत प्रसिद्ध केली आणि सूर्याला 'जी२ व्ही' हे नाव मिळाले. दक्षिण आकाशातील 'मित्र' या ताऱ्याचा मुख्य घटकही नेमका याच वर्गाचा आहे. सूर्यनमस्काराच्या मंत्रांत सूर्याचे पहिले नाव 'मित्र' आहे. आपल्या सूचिकारांनी दोघांना एकच नाव दिले हा निव्वळ योगायोग असला तरी तो सुखावतो.

लोखंडाचा सूर्य की हायड्रोजनचा?

वर्ग ठरला, तरी घडण ठरली नव्हती. ही बाब नीट समजावून घेणे आवश्यक आहे. सूर्याच्या वर्णपटात लोखंड, कॅल्शियम इत्यादींच्या रेषा ठळक दिसतात. त्यावरून सूर्यात ही द्रव्ये पृथ्वीवरील प्रमाणातच आहेत असा समज दृढ झाला होता. अमेरिकन शास्त्रज्ञ रोलंड यांचे मत असे होते की पृथ्वी सूर्याइतकी तापविली तर तिचाही वर्णपट बहुधा तसाच दिसेल.

या समजाला धक्का देण्याचे साधन कलकत्ता विद्यापीठातील एका तरुण अध्यापकाने दिले. मेघनाद साहा यांचा सौर वर्णावरणातील आयनीभवनावरचा निबंध ऑक्टोबर १९२० मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. तापमान व दाब यांवरून अणूंचा किती भाग इलेक्ट्रॉन गमावील हे त्यांच्या समीकरणाने काढता येऊ लागले. रेषेचा ठळकपणा हा द्रव्याच्या प्रमाणापेक्षा तापमानावर अधिक अवलंबून असतो, हे त्यातून निघाले. ओ पासून एम पर्यंतची हार्वर्डची मालिका म्हणजे तापमानाची उतरंड आहे, वेगवेगळ्या द्रव्यांच्या ताऱ्यांची नव्हे, हे प्रथमच कारणासह स्पष्ट झाले. १९२१ चा पुढील निबंध त्यांनी लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण केला. फाउलर हे लॉक्यरचे जुने साहाय्यक. तप्त ताऱ्यांत मूलद्रव्ये विघटित होतात, ही लॉक्यरची जी कल्पना समकालीनांनी टाकून दिली होती, तिला तिच्या मूळ रूपात नव्हे, पण आयनीभवनाच्या रूपात येथे आधार मिळाला.

हेलियमचे कोडेही यातच उलगडते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,७७० केल्व्हिन आहे. हेलियमच्या अणूंना उत्तेजित करण्यास ते फार अपुरे पडते. म्हणून सूर्याच्या नेहमीच्या काळ्या रेषांत हेलियम जवळजवळ लपलेलाच राहतो व केवळ कडेवरील वर्णावरणात उजळतो. जो पदार्थ सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा आहे, त्याची साक्ष एका पिवळ्या रेषेवर अवलंबून होती, आणि ती रेषा 'किती' हे सांगूच शकत नव्हती.

ते सांगितले सिसिलिया पेन यांनी. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी मिळत नसल्याच्या काळात त्या १९२३ मध्ये हार्वर्डला गेल्या. साहांचे समीकरण व त्यावर मिल्न आणि राल्फ फाउलर यांनी केलेले संस्करण हार्वर्डच्या छायाचित्रांना लावून त्यांनी १९२५ मध्ये प्रबंध सादर केला. बहुतेक मूलद्रव्यांची प्रमाणे पृथ्वीशी जुळत होती. हायड्रोजन व हेलियम मात्र कल्पनेपलीकडे विपुल निघाले. रसेल यांनी हे अशक्य आहे असे त्यांना पत्राने कळविले आणि प्रबंधात पेन यांनी स्वतःच्याच निष्कर्षाला बहुधा खरा नसावा असे लिहिले. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः दुसऱ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोचले व त्यांनी पेन यांच्या निष्कर्षाचा उल्लेखही केला. शोधाचे श्रेय मात्र बराच काळ रसेल यांच्याकडेच गेले. मार्गदर्शकाच्या अधिकारापुढे संशोधकाने आपले आकडे मागे घेणे, हा प्रकार संशोधन करणाऱ्या वाचकांना परका वाटू नये.

'सामान्य' तारा

सूर्य हा एक सामान्य तारा आहे, असे वाक्य लोकप्रिय लेखनात वारंवार येते. ते अर्धेच खरे आहे. मुख्य अनुक्रमातील, सुमारे ४६० कोटी वर्षे वयाचा, गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करणारा तारा या अर्थाने त्याच्यात विशेष काही नाही. परंतु आकाशगंगेतील सुमारे तीन-चतुर्थांश तारे मंद, तांबड्या 'एम' वर्गातील आहेत. त्यांच्या तुलनेत सूर्य चांगलाच तेजस्वी ठरतो. 'पिवळा बटू' हे नावही दिशाभूल करणारे आहे, कारण वातावरणाबाहेरून तो पांढराच दिसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केप्लर दुर्बिणीने पाहिलेल्या ३६९ सूर्यसदृश ताऱ्यांशी तुलना केली असता त्यांच्या तेजातील चढउतार सूर्याच्या सरासरीने सुमारे पाचपट आढळले. सूर्य स्वभावतःच शांत आहे की सध्या शांत अवस्थेत आहे, हे त्यावरून ठरत नाही.

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले 'आदित्य-एल१' हे यान ६ जानेवारी २०२४ ला नियोजित कक्षेत पोचले. त्यावरील जंबुपार किरणांत सूर्याची चित्रे घेणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या संस्थेने तयार केली. नायगामवालांची दुर्बीण पुण्यातून गेल्याला तेव्हा एकशेअकरा वर्षे झाली होती. विजयदुर्गावरील समारंभ बंद करावा असे लेखकाचे म्हणणे नाही. तो २२ जानेवारीला व्हावा, फलकावर १८९८ हे साल यावे आणि त्याच दिवशी जेऊरच्या स्थानकावरही कोणीतरी नायगामवालांचे नाव घ्यावे, एवढी सूचना सहलीहून परतल्यावर आमच्या विभागाच्या बैठकीत मांडली आहे.